जिराफाचे खूर

सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी पावणेसात वाजता माझी उंची साडेतीन सेंटिमीटरनी कमी झाली. मी आजारी नव्हते, कुठून पडले नव्हते. आदल्या दिवसापर्यंत मी एकशे चोपन्न होते आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकशे पन्नास पूर्णांक पाच. शेअर बाजारसुद्धा इतका फटकन कोसळत नाही, आणि कोसळलाच तर निदान टीव्हीवर कुणीतरी कोट घालून कारण सांगतं.

त्यात कहर म्हणजे बरोबर आठ दिवस आधी दिल्लीतल्या द्वारकेच्या मराठी मंडळाने माझा जाहीर सत्कार केला होता. शाल, नारळ आणि 'भावी लेफ्टनंट कु. देवयानी श्रीरंग निरगुडकर' असं लिहिलेली तसबीर. त्या सत्काराला उत्तर देताना मी माईक दोन्ही हातांनी धरून म्हणाले होते, "उंची शरीराची नसते, विचारांची असते!" केवढ्या टाळ्या पडल्या होत्या. आपण काय बोलतो ते कुठेतरी कुणीतरी लिहून घेत असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पण नीट पहिल्यापासून सांगते.

एप्रिलमध्ये, अकरावीचा निकाल लागल्यावर, मी जेवताना जाहीर केलं की मला एनडीएची परीक्षा द्यायची आहे. खडकवासल्याच्या अकादमीचं दार मुलींना उघडून दोनेक वर्षं झाली होती आणि आमच्या शाळेतली एक दीदी तिथे पोचली होती. ती असेंब्लीत येऊन बोलली तेव्हा मी तिच्या भाषणातला एकही शब्द ऐकला नाही. ती कशी उभी होती तेवढंच बघत राहिले. तशी उभी राहणारी माणसं आमच्या घरात नाहीत. आम्ही सगळे थोडे फायलीकडे वाकलेले.

मी बोलले आणि नेमकं वरून विमान गेलं. आमचं घर विमानतळाच्या इतकं जवळ आहे की विमान आलं की घरातली सगळी माणसं तोंड तसंच उघडं ठेवून थांबतात आणि ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू होतात. याचा फायदा असा की आमच्याकडे प्रत्येकाला विचार करायला अर्धं मिनिट मिळतं. विमान गेल्यावर आई म्हणाली, "तिथे केस कापावे लागतात का गं?"

"हो."

"मग जा. बाथरूमची जाळी तरी मोकळी राहील."

आईची परवानगी अशी मिळाली. दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसमधून आले तेव्हा त्यांच्या हातात एक कोरी फाईल होती. बाबा केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर आहेत. आमच्या घरात गीझरची फाईल आहे, माझ्या दातांच्या तारेची फाईल आहे, छताच्या गळतीची तर तीन भागांत आहे. नव्या फायलीवर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'विषय – कु. देवयानी हिचा अकादमी-प्रवेश. भाग एक.'

"भाग एक का, बाबा?"

"मोठी प्रकरणं एका भागात मावत नाहीत," बाबा म्हणाले. मला तेव्हा त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण ते पानांना नंबर घालत होते.

पहिल्या पानावर अटी. वय – ठीक. अविवाहित – ठीक. (यावर आई म्हणाली, "हे नीट तपासून घ्या हं.") उंची, मुलींसाठी – किमान एकशे बावन्न सेंटिमीटर. बाबा उठले आणि मला जिराफाकडे घेऊन गेले.

जिराफ आमच्या पॅसेजच्या भिंतीवर असतो. मी दोन वर्षांची होते तेव्हा बाबांनी तो चिकटवला. चार पाय जमिनीला टेकलेले, मान वर-वर गेलेली, आणि मानेवर सेंटिमीटरच्या खुणा. दर वाढदिवसाला केक कापायच्या आधी मला त्याला टेकून उभं करतात, बाबा डोक्यावर फूटपट्टी ठेवतात, रेघ मारतात, तारीख घालतात, सही करतात. मग आई साक्षीदार म्हणून सही करते. मधे एकही वर्ष चुकलेलं नाही. माझ्या पंधराव्या वाढदिवशी तर मी एका वर्षात चक्क पाच सेंटिमीटर वाढले होते. त्याचं श्रेय आईच्या नाचणीच्या सत्त्वाला मिळालं. आईने ती कृती तिसऱ्या मजल्यावरच्या चढ्ढा आंटींना दिली आणि तेव्हापासून त्यांचा अंकुर रोज सकाळी नाचणी पितो. लिफ्टमध्ये तो माझ्याकडे ज्या नजरेने बघतो, ती मी विसरू शकत नाही.

जिराफाने सांगितलं, एकशे चोपन्न. बाबांनी फायलीत लिहिलं, 'तपासले. ठीक आढळले.' सही. विषय बंद.

मग काय, मी मोकळीच सुटले. माझी मैत्रीण सलोनी एकशे अडुसष्ट आहे, पण तिच्या चष्म्याचा नंबर ऐकला तर डॉक्टरही खुर्चीवर बसतात. ती म्हणाली, "यार, तेरी हाइट हो जाएगी?" मी म्हणाले, "दो सेंटिमीटर एक्स्ट्रा है मेरे पास. तुझे चाहिए तो बोल." हे मी कँटीनमध्ये म्हणाले. जिन्यात म्हणाले. पीटीच्या सरांनाही म्हणाले.

आता सत्कार. आमच्या मंडळात दर गणपतीला एका गुणवंताचा सत्कार होतो. त्या वर्षीचा गुणवंत ऐन वेळी कॅनडाला निघून गेला. मंडळाच्या अध्यक्ष लतामावशी आमच्या घरी आल्या आणि चहा यायच्या आधीच म्हणाल्या, "यंदा देवयानी."

"मावशी, पण मी अजून फॉर्मसुद्धा भरला नाहीये. तो डिसेंबरात निघतो."

"अगं, फॉर्म भरलास की मयूर विहारचं मंडळ तुला पळवेल. गेल्या वेळी आमची भरतनाट्यमवाली पळवली त्यांनी. आम्ही आधीच करून टाकतो."

बाबांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं आणि विमान आलं. ते गेलं तेव्हा लतामावशींनी तारीख ठरवली होती.

सत्काराच्या वेळी शेवटच्या रांगेत आमच्या सोसायटीचे गुलाबराव मामा उभे होते. मामा आमच्या गेटवरचे सुपरवायझर. सुभेदार म्हणून फौजेतून निवृत्त झाले, गाव साताऱ्याकडचं, मुलगी इथे नर्स आहे म्हणून दिल्लीत राहिले. सगळी सोसायटी त्यांना 'सूबेदार साब' म्हणते, फक्त मी मामा म्हणते. माझ्या उंचीच्या वाक्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मामांनी नाही. कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याजवळ आले.

"पोरी, किती पळतेस?"

"पळायला अजून… म्हणजे, आधी मॅथ्स चाललंय ना, मामा."

"रविवारी पावणेसातला खाली ये. मॅथ्स घेऊन नको येऊ."

तर तो हा रविवार. मामांनी मला चौदा नंबरच्या खांबाला टेकवून अनवाणी उभं केलं. "फौजेत माणूस आत घेताना आधी माप घेतात," ते म्हणाले, आणि खिशातून स्टीलची टेप काढली. मी पोट आत, छाती पुढे, हसतमुख. मामांनी टेप वाचली, परत वाचली. "एकशे पन्नास पॉइंट पाच."

"मामा, टेप चुकतीये."

"टेप पोलादाची आहे. ती कुणाला घाबरत नाही." मग माझ्या तोंडाकडे बघून टेप मिटली. "ते राहू दे. पळ."

मी पळाले. सोसायटीला दीड फेरी, आणि मग ट्रान्सफॉर्मरच्या जाळीपाशी जाऊन बसले. तिथे 'खतरा' लिहिलेलं आहे आणि खाली कवटी काढलेली आहे. आम्ही दोघी सारख्याच दिसत होतो.

घरी आल्यावर चौकशी समिती बसली. बाबा म्हणाले, "अशक्य. माझी नोंद आहे." आईने शिवणाची टेप आणली : एकशे साडेपन्नास. बाबा म्हणाले, कापडी टेप ताणली जाते. मग आम्ही तिघं सेक्टरच्या मार्केटमध्ये केमिस्टकडे गेलो. त्याच्याकडे एक मशीन आहे, ते आधी गाणं वाजवतं आणि मग अख्ख्या मार्केटला ऐकू जाईल अशा आवाजात तुमचं वजन आणि उंची सांगतं. त्याने ती सांगितली. भाजीवाल्यापर्यंत पोचली. वर एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर भविष्य होतं : 'आप शीघ्र ही ऊँचाइयाँ छुएँगे.'

घरी येऊन मी ती चिठ्ठी पॅसेजमध्ये फेकली आणि आई ती उचलायला वाकली. वाकली ती तशीच राहिली.

"अहो, या जिराफाचे पाय कुठे गेले?"

आम्ही बघितलं. जिराफ सरळ जमिनीतून उगवला होता. गुडघे होते, पोटऱ्या होत्या, पण खाली काहीच नव्हतं. मला तेव्हा नेमका शब्द आठवेना, मी म्हणाले, "याचे बूट गेले!" आई म्हणाली, "बूट नाही गं, खूर." दिल्लीत वाढलं की असे शब्द ऐन वेळी दगा देतात.

खूर कुठे गेले ते आम्हाला एकदमच कळलं. मी चौदाची असताना, लॉकडाउन उठल्यावर, आईने हौसेने घरात नव्या टाइल्स घातल्या होत्या. ठेकेदार म्हणाला होता, "पुराना फ़र्श तोड़ने का झंझट क्यों, आंटी जी? ऊपर से ही डाल देते हैं." आणि वरूनच टाकल्या. मग एकही दार मिटेना, म्हणून सुताराने सगळी दारं खालून कापली. फ्रिज ओट्याखाली जाईना, तो हॉलमध्ये आला, तो अजून हॉलमध्येच आहे. एवढं सगळं साडेतीन सेंटिमीटरमुळे झालं हे आम्हा तिघांनाही पाठ होतं. फक्त जिराफ कुणाच्या डोक्यात आला नाही. मी दर वाढदिवसाला नव्या फरशीवर चढून उभी राहत होते आणि घरात नाचणीचा जयजयकार चालला होता. त्या वर्षीच्या पाच सेंटिमीटरमधले माझे स्वतःचे दीड. बाकीचे घराचे.

बाबा जिराफासमोर बराच वेळ उभे राहिले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नोंदीवर कधी शेरा आला नव्हता. "टाइल्सच्या कामाची फाईल कुठे आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"फाईल नव्हती," आई म्हणाली. "तोंडी आदेश होता."

"कुणाचा?"

"माझा."

सुदैवाने विमान आलं.

संध्याकाळी बाबांनी फायलीत टिपण लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. फॉर्म भरताना उमेदवाराला प्रतिज्ञापूर्वक सांगावं लागतं की आपण सगळ्या अटींत बसतो. या घरातून खोट्या निवेदनावर सही होणार नाही. डिसेंबरात फॉर्मची मुदत संपायच्या आत उंची एकशे बावन्न झाली तर फॉर्म, नाही तर नाही. माझ्या हातात अडीच-तीन महिने होते आणि पायांत दीड सेंटिमीटर कमी होते.

बातमी सोसायटीत कशी पसरली ते केमिस्टचं मशीन जाणे. दुसऱ्या दिवसापासून सल्ले यायला लागले. पाचव्या मजल्यावरच्या विनयाकाकू म्हणाल्या, उशी घेऊ नकोस. त्यांचे मिस्टर म्हणाले, दोन उश्या घे, पण पायांखाली. चढ्ढा आंटी आल्या त्या जरा दुखावलेल्या होत्या. "सुमित्रा जी," त्या आईला म्हणाल्या, "मतलब वो नाचनी…?" आईने मान खाली घातली. मागे अंकुर उभा होता. मी पहिल्यांदाच नीट बघितलं : दोन वर्षांत तो ताड झाला होता, दाराच्या चौकटीला टेकला होता. "मेरा तो बढ़ गया," आंटी बुचकळ्यात पडून म्हणाल्या. "इसका फ़र्श तो हमने छेड़ा भी नहीं." मग त्यांनी मला सांगितलं, "बेटा, लटका करो. बस लटको."

मी लटकले. बाबांनी पॅसेजच्या चौकटीत एक रॉड बसवून दिला. चौथ्या दिवशी रॉड, चौकटीची एक बाजू, मूठभर प्लास्टर आणि मी असे सगळे एकत्र खाली आलो. मला काही लागलं नाही, पण जिराफाच्या पायाशी टाइलचा कोपरा फुटला आणि आत सिमेंटने माखलेला एक खूर दिसायला लागला. आईने ती टाइल बदलू दिली नाही. म्हणाली, "पुरावा आहे."

मग मी मेट्रोत लटकले. मयूर विहारला आमचे बाळकाका राहतात. त्यांच्याकडे मी दर शनिवारी मॅथ्स शिकायला जायचे. द्वारका ते मयूर विहार म्हणजे ब्लू लाइनवर तासभर आरामात लटकता येतं. वरच्या दांडीला दोन्ही हातांनी धरायचं आणि पाय किंचित उचलायचे. तिसऱ्या शनिवारी वर्दीतली एक कॉन्स्टेबल समोर येऊन उभी राहिली. घरी निघाली असावी, हातात डबा होता.

"ये क्या हो रहा है?"

"मॅडम, हाइट बढ़ा रही हूँ."

"किसलिए?"

मी सांगितलं. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मला वाटलं आता पुढच्या स्टेशनला उतरवणार. ती म्हणाली, "मैं नीम के पेड़ पे लटकी थी, छह महीने. रत्ती भर नहीं बढ़ी." मग थोडी हसली. "पर कंधे बन गए. भर्ती में रस्सी चढ़नी थी, सबसे पहले मैं चढ़ी. अब पैर नीचे रख, यात्रियों को लगता है." यमुना बँक स्टेशन येईपर्यंत मी तिच्या खांद्यांकडे बघत होते. शाळेतल्या दीदीसारखीच उभी होती ती. डबा हातात घेऊनसुद्धा.

आणि रोज सकाळी पळणं. मामा काही शिकवायचे नाहीत. गेटजवळच्या केबिनपाशी उभे राहायचे आणि मी समोरून गेले की एवढंच म्हणायचे, "हनुवटी वर." किंवा, "बोलू नको." नोव्हेंबरात हवा इतकी वाईट झाली की आईने बाहेर पळायला बंदी केली. मामांनी मला जिन्यात घातलं. नऊ मजले, वर-खाली, सहा वेळा. मामा स्वतः तळमजल्यावर थांबत नसत. त्रेसष्टाव्या वर्षी, एका दुखऱ्या गुडघ्यानिशी, ते माझ्या मागे एक-एक मजला चढत यायचे आणि मी उतरताना चौथ्यावर भेटायचे, मग पाचव्यावर, मग सहाव्यावर. "मामा, तुम्ही कशाला?" मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "माणसाला पळायला लावून आपण खुर्चीत बसलो, तर तो पळतो, पण मनातून शिव्या देतो."

इकडे बाबांना फायलीसाठी सरकारी डॉक्टरांचा दाखला हवा होता. अकादमी स्वतः मोजून घेते, असं मी सांगून बघितलं. ते म्हणाले, "जिराफानंतर मी माझ्यावरही विश्वास ठेवत नाही." मग आम्ही एका सरकारी दवाखान्यात गेलो. पहिल्या दिवशी उंची मोजायची पट्टी स्टोअरमध्ये होती आणि किल्ली रजेवर होती. दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या माणसाने विचारलं, "बीमारी क्या है?" बाबा म्हणाले, काही नाही. "तो आए क्यों? कॉलम ख़ाली नहीं छोड़ सकते." शेवटी बाबांनी आजाराच्या रकान्यात लिहिलं, 'उंची.'

तिसऱ्या दिवशी डॉक्टर भेटले. मोजायची पट्टी मोडलेली होती, पण भिंतीवर रंगाने खुणा केल्या होत्या. मी टेकून उभी राहिले. डॉक्टरांनी चष्मा वर केला. "एक सौ तिरपन. बढ़िया. कहाँ साइन करूँ?"

एकशे त्रेपन्न! माझं काळीज इतक्या जोरात उडालं की तेवढ्यानेच आणखी एक सेंटिमीटर झाला असता. लटकण्याचं फळ! मी खाली पायांकडे बघितलं. पाय चकचकीत, गुळगुळीत, पांढऱ्याशुभ्र टाइलवर होते. मग मी दाराकडे बघितलं. दार खालून ताजं कापलेलं होतं, लाकूड अजून पिवळंधमक दिसत होतं. मला आता दारं वाचता येतात.

मी बाबांकडे बघितलं. बाबा पंख्याकडे बघत होते. बाबा कधीच पंख्याकडे बघत नाहीत. त्यांनीही दार वाचलं होतं. सत्तावीस वर्षांत ज्यांनी ऑफिसचं पेन घरी आणलं नाही, ते माझे बाबा माझ्यासाठी पंख्याकडे बघत होते. इतकं प्रेम आलं मला त्यांचं, आणि त्याच वेळी मला कळलं की हे काही चालायचं नाही.

"डॉक्टर साहब, ये फ़र्श नया है?"

"हाँ, दिवाली से पहले लगा. क्यों?"

"ऊपर से ही डाल दिया होगा. ढाई सेंटिमीटर काट लीजिए."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बेटा, लोग यहाँ बढ़वाने आते हैं. तुम पहली हो जो कटवाने आई है." मग त्यांनी शिपायाकडून टेप मागवली, आणि टेपने सांगितलं एकशे पन्नास पूर्णांक पाच. म्हणजे दोन महिने लटकून मी शून्य वाढले होते.

घरी आल्यावर बाबांनी बूट न काढता फाईल उघडली आणि लिहिलं, 'फरशीतील दोष उमेदवाराने स्वतः निदर्शनास आणला.' 'स्वतः'खाली दोन रेघा मारल्या. मग रुमाल काढून चष्मा पुसला, जो स्वच्छच होता.

म्हणजे संपलंच. मी शाल, नारळाच्या बदल्यात नवा नारळ आणि तसबीर घेऊन लतामावशींकडे गेले. त्यांनी मला बसवलं, लाडू दिला आणि म्हणाल्या, "सत्कार परत घेता येत नाही गं. आमच्या रजिस्टरमध्ये तसा रकानाच नाही. शाल ठेव, थंडी आली आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केबिनपाशी जाऊन मामांना सांगितलं की आता काही उपयोग नाही, मी येणार नाही.

"काल किती मजले चढलीस?"

"चोपन्न."

"आणि त्या रविवारी?"

"दीड फेरी. आणि ट्रान्सफॉर्मर."

"मग? उंचीचं मला नको सांगू. पळ."

मी पळाले, रडत. रडत पळणं फार अवघड असतं, दोन्हीला एकच नाक असतं.

त्याच आठवड्यात अर्जाची जाहिरात निघाली. बाबांनी ती पूर्ण वाचायला घेतली. आता तुम्ही म्हणाल, आधी वाचली नव्हती का? हीच तर आमच्या घराण्याला न शोभणारी गोष्ट. एप्रिलमध्ये बाबांनी फायलीत लावला होता तो लतामावशींनी ग्रुपवर टाकलेला 'सोपा मराठी सारांश'. खाली अध्यक्षांची सही आणि शिक्का होता. शिक्का दिसला की बाबांचा विश्वास बसतो. या वेळी मात्र ते लाल पेन्सिल घेऊन बसले, आणि तिसऱ्या संध्याकाळी आमच्या घरात एक किंकाळी ऐकू आली. आई पोळी तव्यावर टाकून धावली. मला वाटलं, गळतीच्या फायलीचा निकाल लागला.

"परिशिष्ट!" बाबा ओरडत होते. "परिशिष्टात आहे!"

आत, कितीतरी पानांनंतर, बारीक अक्षरात लिहिलं होतं की उमेदवार अठराच्या आतला असेल तर पुढच्या वाढीसाठी उंचीत दोन सेंटिमीटरची सूट. मी सतरा वर्षांची. एकशे पन्नास पुरेत. माझ्याकडे अर्धा सेंटिमीटर एक्स्ट्रा होता.

मी नऊ मजले एका दमात उतरून गेटवर गेले. "मामा! दोन सेंटिमीटरची सूट आहे!"

"आहे की," मामा म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पोरं भरती करायच्या कामावर होतो मी चार वर्षं."

"मग सांगितलं का नाही?"

मामा जरा अवघडले. "साहेबांनी सगळं तपासून फायलीत लिहिलंय, असं कळलं होतं. मला वाटलं, कळेलच त्यांना." मग रजिस्टर मिटून म्हणाले, "आणि खरं सांगू? दीड सेंटिमीटरसाठी तू रोज उठत होतीस. मी कशाला तोंड उघडू?"

फॉर्म रविवारी दुपारी भरला. शेवटचं बटण दाबायला आई, बाबा, चढ्ढा आंटी, वाकलेला अंकुर आणि फोनवर सलोनी असे सगळे हजर होते. मी घोषणेचा रकाना मोठ्याने वाचला. बाबांनी मान डोलावली. मी बटण दाबलं आणि वरून विमान गेलं, त्यामुळे कोण काय ओरडलं ते कुणालाच कळलं नाही.

सोमवारी सकाळी धुकं इतकं होतं की गेटवरून आमची बिल्डिंग दिसत नव्हती. मी सत्काराची शाल बरोबर घेतली होती. मामा केबिनपाशी हात चोळत उभे होते. मी ती त्यांच्या खांद्यांवर नीट घातली, मंडळात घालतात तशी, दोन्ही टोकं पुढे आणून. भाषण केलं नाही. भाषणांच्या बाबतीत मी आता जपून असते. मामांनी शाल हुंगली. "डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय," ते म्हणाले. पण काढली नाही. मग घसा साफ करून म्हणाले, "फॉर्म भरला म्हणजे काय झालं? पळ."

मी निघाले तर मागून आणखी कुणाचे तरी पाय वाजले. बाबा! ऑफिसचे बूट, माकडटोपी आणि तोंडावर मास्क. "एकच फेरी," ते धापा टाकत म्हणाले, "अनुभव म्हणून." पुढच्या वळणावर ते धुक्यात दिसेनासे झाले.

संध्याकाळी मी फाईल उघडली. भाग दोन सुरू झाला होता. पहिल्या पानावर बाबांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'आज सकाळी सोसायटीची एक फेरी धावून पूर्ण केली.' सही, तारीख. त्याखाली आईचं अक्षर, कारण जिराफानंतर आमच्या घरात कुठलीही नोंद आईने तपासल्याशिवाय पक्की होत नाही :

'तपासले. अर्धी. उरलेली चालत, त्यातही मधे ट्रान्सफॉर्मरपाशी बसले होते.'